काळ्या कापडावरचे राघू

१

कुणाच्या घरी गेले की मी आधी भिंती बघते, माणसं मागून. माणूस तोंड धुऊन, पदर सारखा करून पुढं येतो. भिंतीला तेवढं जमत नाही. पुढाऱ्यासोबतचा फोटो देवाच्या वर लावलाय का खाली, शोकेसातली प्लास्टिकची फुलं कुणी धुतं का, मेलेल्या सासूच्या फोटोला हार आहे पण काचेवर जाळं आहे का, एवढं बघितलं की मला घर कळतं. शाळा माझी चौथीपर्यंतच. पण हे शाळेत शिकवत नाहीत.

सिरसाळ्यात मला सगळे रुखवतवाली जगदेवी म्हणून ओळखतात. लग्नात नवरीच्या हातचं म्हणून जे मांडतात, ते माझ्या हातचं असतं. पुठ्ठ्याचं घर, सुपाऱ्यांचे नवरा-नवरी, मण्यांची विहीर, भरलेले रुमाल. पोरी सांगायला येतात तेव्हा आवडीवरून पोरगी कशी ते मी ओळखते. सगळं गुलाबी मागणारी सासरी पहिले दिवस रडते. सोनेरी मागणारी जावेशी भांडते. पण "काय बी द्या मावशी, तुमाला आवडंल ते" म्हणणारी आली की मला बरं वाटत नाही. आवड नसलेलं माणूस म्हणजे बिनकडीचं दार. कुणीही ढकलावं.

माझी स्वतःची आवड मात्र मी कुणाला सांगितलेली नव्हती. मला काळ्या कापडावर हिरवे राघू भरायचे होते. पाठीला पाठ लावून बसलेले दोन राघू, लाल चोची, मधोमध फुटलेलं डाळिंब. काळ्यावर रंग काय उठतात! पण लग्नाच्या मांडवात काळं कापड कोण आणू देणार? त्यामुळं ते डोक्यातच राहिलं. नवऱ्याजवळसुद्धा कधी बोलले नाही.

माझी लेक ईश्वरी याच्या उलट. मनात ते तोंडात. तिनं एकदा माझ्या जांभळ्या ब्लाउजपिसाची म्हैस शिवली. एक डोळा लाल बटणाचा, एक पांढऱ्या. एक शिंग आभाळाकडं, एक जमिनीकडं. जीभ वीतभर बाहेर.

"ही म्हैस हाय का रोग हाय?" मी म्हणाले. "काळी कर. डोळे तरी सारखे लाव."

"तुझ्या राघूंपेक्षा बरी हाय. तुझे राघू शाळेतल्या पोरांवानी लाइनीत बसतेत. हिला कुनाची पर्वा न्हाई बघ."

त्या म्हशीवरून आम्ही मायलेकी आठवडाभर बोललो नाही. ती म्हैस मला कधीच आवडली नाही.

२

स्थळ आलं पाटोद्याचं. मुलगा केदारनाथ, बाजारात भांड्यांचं दुकान. घरात तो आणि त्याची आई महानंदाबाई, तिसरं कुणी नाही. घर बघायला आम्ही तिघं गेलो. मी, आमचे मालक शिवलिंगअप्पा आणि शेजारच्या छबुबाई. छबुबाईंना सोबत न्यावंच लागतं. नाही नेलं तर न बघितलेल्या घराची खोड गावभर काढतात.

बैठक लांबट होती. एक दिवाण, चार खुर्च्या, कोपऱ्यात काचेचं शोकेस. पंखा फिरत होता पण त्याला आवाज नव्हता. कुरकुर न करणारा पंखा मी बीड जिल्ह्यात पहिल्यांदाच बघितला.

मग मी सवयीनं भिंतीकडं बघितलं आणि हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला.

काळं कापड. त्यावर दोन राघू, पाठीला पाठ. मधोमध डाळिंब.

टाका माझा नव्हता, माझ्यापेक्षा बारीक होता. चोचीचा लाल मला जसा हवा होता तसाच, जरासा विटकरीकडं झुकलेला. मी उठून जवळ गेले. एवढी वर्षं डोक्यात जे होतं ते परक्याच्या घरी चौकटीत बसवलेलं.

"कुनी भरलं हो हे?"

"घरातलंच हाय," महानंदाबाई म्हणाल्या. बाई गोड होत्या. आवाज ना उंच ना खाली. "तुमाला आवडलं ना? मग झालं."

झालंच. ज्या घरानं काळं कापड लावायची हिंमत केली, ते घर लोकांच्या बोलण्याला भिणारं नाही. माझी फटकळ पोरगी इथं नांदेल. मी तिथंच मालकांना डोळ्यानं हो म्हणून सांगितलं. शोकेसाकडं, बाकीच्या भिंतींकडं मी नीट बघितलंसुद्धा नाही. मी, जी शोकेसातली धूळ बघते.

३

परतीच्या जीपमध्ये छबुबाई खुशीत होत्या.

"घर लई झ्याक बाई. तो समुद्र तर काय! निळाभोर, आन त्यात शिडाची होडी. म्या म्हनलं, पाटोद्यात राहून समुद्र लावतेत, मान्सं मोठ्या मनाची असतील."

"कुठला समुद्र?"

"अगं दिवाणाच्या वर. एवढा थोरला."

"दिवाणाच्या वर राघू व्हते, छबुबाई. काळ्या कापडावर."

"काळं कापड कोन लावतंय बैठकीत? चष्मा बदल."

मालक पुढच्या सीटवरून वळले. "काय भांडता ग दोघी? बैलजोडी व्हती तिथं. पोळ्याला सजवलेली. शिंगं लाल, झूल हिरवी. म्या त्याच्याकडं बघूनच चहा पेलो."

आमच्या मालकांच्या लहानपणी घरी बैलजोडी होती. ती विकली तेव्हा ते दोन दिवस जेवले नव्हते. आणि छबुबाईंच्या चुलीमागं समुद्राचं एक जुनं कॅलेंडर आहे. साल सरून गेलं तरी त्या काढत नाहीत. जीपमध्ये यातलं मला काहीच सुचलं नाही. मी म्हणाले, भिंती चार असतात, तिघं तीन बाजूंना बघत बसले असतील.

मालकांनी मोबाइलवर फोटो काढला होता. दिवाणावर महानंदाबाई आणि केदारनाथ, वर भिंत. मी फोन डोळ्याजवळ धरला. भिंत पांढरी आली होती.

"फ्लॅश पडला," मालक म्हणाले.

फ्लॅश पडला. मी पण तेच म्हणाले.

४

लग्नात रुखवत मी जीव ओतून मांडलं. ईश्वरीनं मात्र मधोमध तिची जांभळी म्हैस आणून ठेवली. मी उचलली, तिनं परत ठेवली. मी पुन्हा उचलली.

"आई, ह्या सगळ्या पसाऱ्यात माझ्या हातचं हेच एक हाय. हे न्हाई तर मी बी न्हाई. कर मग लगीन तुझ्या सुपाऱ्यांचं."

बाया खळखळून हसल्या. म्हैस राहिली. वऱ्हाडातली पोरं तिची जीभ ओढून पळायची, आणि ईश्वरी नवरीच्या शालूत त्यांच्या मागं ओरडायची.

महानंदाबाई रुखवत बघायला आल्या. पुठ्ठ्याचं घर बघून म्हणाल्या, "छान हाय." मण्यांची विहीर बघून म्हणाल्या, "छान हाय." म्हशीपुढं उभ्या राहिल्या. कुणीही तिला बघितलं की एक तर हसायचं, नाही तर नाक मुरडायचं. महानंदाबाईंच्या तोंडावरची रेघसुद्धा हलली नाही.

"छान हाय," त्या म्हणाल्या. त्याच आवाजात.

मी वळून त्यांच्याकडं पुन्हा बघितलं. पण अक्षता वाटायच्या होत्या.

५

पंचमीला ईश्वरी माहेरी आली. अंगानं भरली होती, हातभर बांगड्या, केसांना तेल. मी तिच्यापुढं दोन साड्या टाकल्या, एक जांभळी, एक मोरपंखी. मला मोरपंखी आवडते. ती जांभळीवर झडप घालणार आणि मी चिडणार, असं आमचं ठरलेलं.

"कंची बी दे," ती म्हणाली. मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि मोरपंखी उचलली. "हीच बरी."

मी भाजीत मीठ जास्त टाकलं, मुद्दाम. "छान झालीय," म्हणाली. बापाजवळ बसली तर बापासारखी बैलांच्या बाजाराच्या गोष्टी विचारू लागली. छबुबाई आल्या तर त्यांच्याच चालीवर पंचमीची गाणी म्हणाली. ज्या गाण्यांना ती रडगाणी म्हणायची, तीच.

"लई गुनाची झाली ग पोर," छबुबाई जाताना म्हणाल्या. "सासरनं सोनं केलं."

दुपारी ती माझ्याजवळ बसून रुमालावर राघू भरत होती. ओळीत. बारीक टाका. माझ्यापेक्षा बारीक. मला तो टाका ओळखीचा वाटला, आणि कुठं बघितला होता ते आठवलं तसं मी विचारलं.

"ईशू, तुमच्या बैठकीत दिवाणाच्या वर काय लावलंय ग?"

तिनं सुई थांबवली. अगदी साधेपणानं, भाजी कोणती करू असं विचारावं तसं विचारलं:

"कोन आल्यावर?"

तिनं माझा चेहरा वाचला. मग हसली आणि म्हणाली, "राघू हायत की, आई. काळ्या कापडावर."

६

"मारतेत का तिला?" मालकांनी विचारलं.

"न्हाई."

"उपाशी ठेवतेत? काय मागतेत?"

"न्हाई ओ."

"मग कावून रडती तू? जल्मभर म्हनायचीस पोरगी ऐकत न्हाई, पोरगी ऐकत न्हाई. आता ऐकती तर तुला झोप न्हाई."

मी कुणाला न भिणारी बाई. रेशनच्या रांगेत मी गड्यांना मागं सारते, सरपंचाला तोंडावर बोलते. पण भांडायला समोर कुणीतरी लागतं. इथं कोण होतं? पोलिसात जाऊन काय सांगू, माझी लेक माझ्या मनासारखी वागते?

मी स्वतःलाही समजावलं. लग्न झालं की पोरी बदलतात. मी नाही का बदलले? पण मी बदलले तेव्हा माझे दात तेच राहिले. चावायचे ते चावायचेच.

केदारनाथ न्यायला आले. जावई चांगले, शांत. मी चहात मुद्दाम साखर टाकली नाही. त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "छान झालाय." निघताना ईश्वरीनं मागं वळून बघितलं नाही, म्हणजे मी हाक मारेपर्यंत. हाक मारली तशी वळली आणि डोळ्यांत पाणी आणलं. मला वाटत होतं तिनं रडावं. अगदी तेव्हाच.

७

भाद्रपदात मी न सांगता पाटोद्याला गेले. बीडला गाडी बदलली, उतरले तेव्हा भरदुपार होती. दार ईश्वरीनंच उघडलं. पुरणपोळी झालेली होती. मला पुरणपोळी आवडते. मी येणार हे कुणाला माहीत नव्हतं.

बैठकीत राघू होते. मी या खेपेला शोकेस बघितलं. आतल्या फळीवर म्हैस होती, काळी. दोन्ही शिंगं सारखी, डोळे सारखे, जीभ आत. अगदी मी सांगितली होती तशी.

"हिला काय केलं ग?" मी विचारलं.

"तुला आवडत नव्हती ना."

मी जेवले. "निघते," म्हणाले आणि पिशवी उचलून बाहेर पडले. गल्लीच्या वळणापर्यंत आल्यावर कळलं, चष्मा दिवाणावर राहिला. मी मागं फिरले. दार नुसतं लोटलेलं होतं. मी ते ढकललं.

उन्हातून एकदम आत आलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. मला साखरेचा त्रास आहे. चष्मा डोळ्यांवर नव्हता. हे सगळं मी आधीच सांगून ठेवते. नंतर मीच ते शंभरदा स्वतःला सांगितलंय.

भिंत कोरी होती. चौकट काढल्यावर डाग राहतो, तोही नव्हता. खिळा नव्हता, खिळ्याचं भोक नव्हतं. शोकेसाच्या फळ्या रिकाम्या होत्या. पंखा बंद.

दिवाणावर तिघं बसलेली. महानंदाबाई, जावई आणि माझी ईशू. हात मांडीवर, तळवे वर. कुणी कुणाकडं बघत नव्हतं. त्यांची तोंडं कशी होती ते पुरतं सांगता येणार नाही. नाक, डोळे, सगळं जागेवर होतं. पण चुना दिलेल्या भिंतीसारखी. कुणी त्यावर चित्र काढायच्या आधीची.

दार कुरकुरलं.

आधी भिंतीवर एक हिरवा ठिपका आला. मग पंखा फिरायला लागला. मग तिघांच्या ओठांवर एकाच वेळी हसू आलं.

"चष्मा राहिला ना?" ईश्वरी उठत म्हणाली.

मी तिचं मनगट धरलं. "चल. आत्ता माझ्यासोबत घरी चल."

"चल की," ती म्हणाली आणि चप्पल घालायला लागली. सासूनं अडवलं नाही. नवरा हसत होता. मी ओढेन तिकडं ती आली असती. सिरसाळ्याला, काशीला, विहिरीच्या काठावर. मनगट माझ्या हातात होतं आणि त्यात ओढच नव्हती.

मी हात सोडला. अशी ईश्वरी घरी नेऊन काय करू? पंचमीला ती घरीच होती की.

८

मला एकच उपाय सुचला. माझी आवडच बदलायची.

मी जांभळं कापड आणलं आणि म्हशी शिवायला बसले. वाकडी शिंगं, डोळ्यांना दोन रंगांची बटणं, जीभ बाहेर. मालक म्हणाले, "आता रुखवतात म्हशी द्यायच्या का?" छबुबाई म्हणाल्या, "जगदेवी, एखाद्या डाक्टराला दाखव." मी शिवत राहिले. आवडत नव्हत्याच. आवड काय उसनी आणता येते? प्रत्येक म्हैस शिवताना हात आपोआप शिंगं सारखी करायला जायचे.

मग एका सकाळी भाकरी थापताना कोनाड्यातली म्हैस दिसली. तिची जीभ सुटून एका टाक्यावर लोंबत होती, आणि डोळे असे की जगाचं देणंघेणं नाही. मला हसू फुटलं. पीठ सांडेपर्यंत हसले. हसता हसता रडू आलं, कारण तेव्हा पहिल्यांदा कळलं की ईशूला तिच्यात काय दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी पाटोद्याला गेले.

दिवाणाच्या वर जांभळी म्हैस होती. भिंतभर. जीभ पार दिवाणापर्यंत.

"आलीस?" ईश्वरी आतून ओरडली. "फोन करून यायला बोटं झडली व्हती का? आन ह्यो रुमाल कशाला आनला? परत त्येच राघू, परत लाइनीत!"

"लाइनीत बसतेत तर बसतेत," मी म्हणाले. "तुझ्यावानी उनाडत न्हाईत."

"उनाडलेलं बरं. तुझे राघू बघून मला शाळेची घंटा ऐकू येती."

आम्ही दुपारभर भांडलो. साडीवरून, मिठावरून, तिच्या विस्कटलेल्या केसांवरून. मी पोटभर भांडले. तिनं भाजीत नुसतं तिखट ओतलं होतं, आणि मी डोळे पुसत पुसत दोनदा वाढून घेतली. माझी पोरगी परत आली होती.

मी तोंड धुवायला उठले तेव्हा महानंदाबाई पाण्याचा तांब्या घेऊन मागं उभ्या होत्या.

"आता आवडलं ना?" त्या म्हणाल्या. "मग झालं."

मी तांब्या घेतला आणि तसाच खाली ठेवला. ही ईशू आहे, का मला हवी तशी ईशू? हे विचारायचं कुणाला? तिला विचारलं तर ती तेच सांगणार, जे मला ऐकायचंय.

निघाले. ती दारापर्यंत आली आणि तिथूनच ओरडायला लागली. गल्लीतली माणसं बघत होती, ते मला बरं वाटलं. मी मुद्दाम हळू चालले.

"आन पुढच्या येळी तसला रुमाल आनलास ना आई, तर बघ, सरळ चुली—"

मी वळणापलीकडं पाऊल टाकलं होतं. गल्ली एकदम गप्प झाली.

मी थांबले. बराच वेळ थांबले. मग एक पाऊल मागं आले.

"—त घालीन!" ईश्वरी दारातून ओरडली.

गाडीची वेळ झाली. मी तिथंच उभी होते, एक पाय वळणाच्या अलीकडं, एक पलीकडं, आणि कुठला उचलू ते मला कळत नव्हतं.